व्हेनिसहून पुण्याच्या वाड्यात

पुण्यात प्लेगची गोष्ट इंग्रज अधिकारी रँडपासून सुरू होते आणि त्याला मारणाऱ्या चापेकर बंधूंच्या फासापाशी संपते. शाळेत आम्ही ती तशीच शिकलो. त्या गोष्टीतून एक शहर कायम गळतं, ते म्हणजे व्हेनिस.

सप्टेंबर 1896 मध्ये मुंबईच्या मांडवीत डॉ. अकाशियो व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. पुढच्या फेब्रुवारीत, 16 तारखेला, युरोपातल्या सरकारांचे प्रतिनिधी व्हेनिसला जमले. विषय एकच होता, हिंदुस्थानातली साथ सुएझपलीकडे येऊ द्यायची नाही. अशा परिषदा 1851 पासून भरत होत्या. 1866 च्या कॉन्स्टँटिनोपलच्या परिषदेने तर पटकीचं मूळ गंगेच्या मुलखात असल्याचं ठरवून टाकलं होतं. ब्रिटिशांनी बरीच वर्षं या परिषदांना दाद दिली नव्हती. क्वारंटाइन लावलं की जहाजं अडकतात, व्यापार बुडतो. आपल्या साम्राज्यात काय करायचं ते आपण ठरवू, हा त्यांचा खाक्या. त्या सार्वभौमत्वाच्या भाषेखाली गोदीतल्या मालाचा हिशेब होता, असं मला ठामपणे वाटतं.

1897 मध्ये मात्र बंदरंच बंद होतील अशी भीती उभी राहिली आणि सरकार एकदम वळलं. मुंबई आणि कराचीहून निघणारी त्या वर्षीची हजयात्रा थांबवली गेली. कलकत्त्यात, परिषद भरण्याच्या बारा दिवस आधी, 4 फेब्रुवारीला साथरोग कायदा मंजूर झाला. कायदा एका पानात मावेल एवढा, चार कलमांचा. दुसऱ्या कलमाने सरकारला साथीपुरते हवे ते नियम करता येतात, प्रवाशांना तपासता येतं, संशयितांना वेगळं ठेवता येतं, आणि हे काम कोणाही व्यक्तीवर सोपवता येतं. तिसऱ्यात शिक्षा आहे. चौथं कलम म्हणतं, या कायद्याखाली चांगल्या हेतूने केलेल्या कोणत्याही गोष्टीबद्दल कोणावरही दावा लावता येणार नाही.

‘कोणाही व्यक्तीवर’ हे शब्द पुण्यात लष्करी बूट घालून आले. रँडच्या अध्यक्षतेखाली प्लेग कमिटी बसली आणि 13 मार्चपासून झडत्या सुरू झाल्या. डरहम लाइट इन्फन्ट्रीचे गोरे सोजीर दिंडी दरवाजातून आत शिरत. माजघर, देवघर, अंधाऱ्या खोल्या, काही सुटत नसे. काखेत, जांघेत गाठ आहे का ते हाताने चाचपून बघत, आणि बायांनाही चारचौघांत उभं करत. आजारी सापडला की त्याला इस्पितळात, घरच्यांना सेग्रिगेशन कँपात. मागे घर धुऊन निघे, जमीन उकरली जाई, अंथरुणं-पांघरुणं जाळली जात. तापाने फणफणलेलं पोर लपवणारी आई साथ पसरवत होती, हे खरंच आहे. पण ती का लपवत होती, हे विचारणारा माणूस त्या कमिटीत नव्हता. व्हेनिसला हिंदुस्थानच्या नावाने बोलणारे या आईला उत्तर द्यायला बांधलेले नव्हते, आणि रँडही नव्हता. बाहेरच्या दबावाने घरच्या हुकमाला आणखी धार आली, ती अशी. 19 मार्चला तिकडे करारावर सह्या झाल्या. पुण्यातल्या झडत्यांना तेव्हा आठवडाही झाला नव्हता.

याच शहरात याच साथीला भिडण्याची दुसरी रीतही होती. सावित्रीबाई फुले आणि त्यांचा डॉक्टर मुलगा यशवंत यांनी हडपसरजवळ प्लेगग्रस्तांसाठी दवाखाना काढला होता. मुंढव्याच्या एका आजारी मुलाला सावित्रीबाईंनी पाठीवर घेऊन तिथे आणलं, त्यांनाही प्लेग झाला आणि 10 मार्चला त्या गेल्या. झडत्या सुरू व्हायला तीन दिवस होते.

गोपाळ कृष्ण गोखले तेव्हा इंग्लंडमध्ये होते. पुण्याहून आलेल्या पत्रांच्या आधारे त्यांनी सोजिरांच्या अत्याचारांबद्दल तिथे जाहीरपणे सांगितलं. परतल्यावर पुरावा उभा करता आला नाही आणि त्यांना माफी मागावी लागली. 22 जूनच्या रात्री गणेशखिंडीतल्या गव्हर्नमेंट हाउसमधून व्हिक्टोरिया राणीच्या राज्याच्या हीरकमहोत्सवाचा समारंभ आटोपून परतताना रँडवर गोळी झाडली गेली. 3 जुलैला तो मेला. ते गव्हर्नमेंट हाउस म्हणजे आजच्या विद्यापीठाची मुख्य इमारत. 2014 पासून विद्यापीठाला सावित्रीबाईंचं नाव आहे. त्या रस्त्याने जाताना मला दर वेळी हे दोन मृत्यू एकत्र आठवतात.

पुढे परिषदांची जागा संघटनेने घेतली. जागतिक आरोग्य संघटना 1948 ची, तिचे साथरोगांबाबतचे नियम 1951 चे, 1969 मध्ये त्यांना आजचं नाव मिळालं. 1994 मध्ये बीड जिल्ह्यातल्या मामला गावात आणि सुरतेत प्लेगची बातमी फुटली, तेव्हा संघटनेचा तसा सल्ला नसताना अनेक देशांनी आपली विमानं थांबवली. 2005 च्या नव्या नियमांमागे असे अनुभव होते.

पुण्याची बाजूही तोवर पालटली होती. 30 जानेवारी 2020 ला देशातला पहिला कोरोना रुग्ण पक्का झाला तो इथल्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेच्या तपासणीतून, आणि त्याच दिवशी जिनिव्हाने, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेने, जागतिक आणीबाणी जाहीर केली. पुढच्या वर्षी पुण्याजवळच्या मांजरीतल्या कारखान्यात बनलेली कोविशिल्ड लस घेऊन इंग्लंडला जाणाऱ्यांना तिथे लस न घेतल्यासारखं धरलं गेलं. त्याच कारखान्यातले लाखो डोस इंग्लंडने स्वतः वापरले होते. भारताने ऑक्टोबरात इंग्रज प्रवाशांवर तसेच नियम लावले, आणि आठवडाभरात इंग्लंडने माघार घेतली. संघटनेने या लशीला फेब्रुवारीतच मान्यता दिलेली होती. जगाचं प्रमाणपत्र असूनही दार उघडायचं की नाही हे देशच ठरवतो, हे आपण त्या वेळी दोन्ही बाजूंनी पाहिलं.

20 मे 2025 ला जागतिक आरोग्य सभेने महामारी करार स्वीकारला. टाळेबंदी किंवा लससक्ती करायला कोणत्याही देशाला भाग पाडण्याचा अधिकार संघटनेला नाही, असं त्यात स्पष्ट लिहिलं आहे.

तसा अधिकार इथे, आपल्याच घरात आहे. 13 मार्च 2020 पासून महाराष्ट्र सरकारने पुण्यासह काही शहरांत तोच 1897 चा कायदा लागू केला. पुण्यातल्या पहिल्या झडतीला त्या दिवशी 123 वर्षं झाली होती. तीन दिवसांनी ठरलं की घरी विलग ठेवलेल्या माणसाच्या डाव्या हाताच्या मागच्या बाजूला निवडणुकीच्या शाईने शिक्का मारायचा. हे जिनिव्हाने सांगितलं नव्हतं. त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती होऊन आरोग्य कर्मचाऱ्यांना हल्ल्यांपासून संरक्षण मिळालं, तेही गरजेचंच होतं. 2024 मध्ये विधी आयोगाने हा कायदा अपुरा ठरवून तो बदलण्याची किंवा नवा करण्याची शिफारस केली. शिक्क्याची शाई काही दिवसांत पुसट झाली. चौथं कलम अजून कायद्यात आहे.