ग्रामीण बेरोजगारीचे मापन : बदलत्या व्याख्यांचा इतिहास (१९६१ ते २०२५)

प्रस्तावना

ग्रामीण बेरोजगारी वाढली की घटली, हे सांगताना सामान्यतः दोन वर्षांची टक्केवारी शेजारी शेजारी मांडली जाते. परंतु ती दोन्ही वर्षे एकाच मापाने मोजली होती काय, हा प्रश्न त्याआधीचा आहे. भारतातील, विशेषतः महाराष्ट्रातील, या मापांच्या इतिहासाचा आढावा घेण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

जनगणनेतील व्याख्या

१९६१ च्या जनगणनेत हंगामी कामासाठी निकष सैल होता. हंगामाच्या बहुतांश काळात रोज एका तासाहून अधिक नियमित काम करणारी व्यक्ती काम करणाऱ्यांत गणली गेली. १९७१ मध्ये मात्र प्रत्येकाचे 'मुख्य काम' विचारण्यात आले. त्यामुळे घरकाम हेच मुख्य काम म्हणून नोंदले गेलेली स्त्री, पेरणी-कापणीत राबत असली तरी, मुख्य गणनेत काम न करणाऱ्यांत गेली. परिणामी देशातील काम करणाऱ्या स्त्रियांची नोंदलेली संख्या दहा वर्षांत निम्म्याच्या आसपास आली. एवढ्या स्त्रियांनी शेत सोडले नव्हते; प्रश्न बदलला होता. १९८१ मध्ये १८३ दिवसांची मर्यादा घालून 'मुख्य' आणि 'सीमांतिक' असे दोन वर्ग करण्यात आले.

दंतवाला समिती व तीन निकष

नियोजन आयोगाने प्रा. मो. ल. दंतवाला यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या तज्ज्ञ समितीने १९७० मध्ये अहवाल सादर केला. स्वतःची शेती, कुटुंबाचा व्यवसाय आणि हंगामी मजुरी एकमेकांत मिसळलेल्या समाजात बेरोजगारीचा एकच सर्वंकष आकडा अर्थपूर्ण ठरत नाही, हे तिचे मुख्य प्रतिपादन होते. त्या अनुषंगाने राष्ट्रीय नमुना पाहणीच्या २७ व्या फेरीत (१९७२-७३) तीन निकष स्वीकारण्यात आले : वर्षभराचा विचार करणारी नेहमीची स्थिती, मागील सात दिवसांवर आधारलेली साप्ताहिक स्थिती आणि अर्ध्या दिवसाच्या एककाने मोजलेली दैनिक स्थिती.

या निकषांतील अंतर किरकोळ नाही. २०११-१२ मध्ये ग्रामीण पुरुषांची बेरोजगारी नेहमीच्या स्थितीनुसार १.७ टक्के, साप्ताहिक स्थितीनुसार ३.३ टक्के, तर दैनिक स्थितीनुसार ५.५ टक्के होती. पहिल्या निकषात ३० दिवसांचे दुय्यम कामही व्यक्तीला रोजगारप्राप्त ठरविते. दुसऱ्यात आठवड्यातील एक तास पुरतो. रिकामे गेलेले दिवस केवळ तिसऱ्यात दिसतात.

रोजगार हमी योजना : एक वेगळे माप

याच काळात महाराष्ट्रात आणखी एक माप अभावितपणे निर्माण झाले. १९७२-७३ च्या दुष्काळात दुष्काळी कामांवरील मजुरांची उपस्थिती १९७३ च्या उन्हाळ्यात सुमारे ५० लाखांपर्यंत पोहोचली. वि. स. पागे यांच्या पुढाकाराने आकारास आलेल्या रोजगार हमी योजनेचा कायदा २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला आणि कामाची मागणी हा हक्क बनला. कामावरील हजेरीपटात स्त्रियांचे प्रमाण लक्षणीय होते. जनगणनेने जिला गृहिणी मानले, तीच खडी फोडण्यासाठी नाव नोंदवीत होती. अर्थात हजेरीपटालाही मर्यादा आहेत : अंगमेहनतीस तयार नसलेला सुशिक्षित तरुण त्यात येत नाही आणि जेथे काम मंजूरच होत नाही तेथील गरज हजेरीत उमटत नाही.

अलीकडील बदल

२०१७ पासून नियतकालिक श्रमबल पाहणी सुरू झाली. तिच्या घोषित उद्दिष्टांत नेहमीची व साप्ताहिक स्थिती आहे, दैनिक स्थिती नाही. जानेवारी २०२५ पासून नमुना निवडताना जिल्हा हा मूळ घटक धरण्यात आला आणि ग्रामीण भागाचेही मासिक अंदाज साप्ताहिक निकषावर प्रसिद्ध होऊ लागले. आकडे वारंवार मिळू लागले ही जमेची बाजू होय. परंतु कोरडवाहू शेतीच्या प्रदेशात आठवड्यातून एक दिवस काम मिळालेला मजूर त्यांत रोजगारप्राप्तच ठरतो.

निष्कर्ष

ग्रामीण भागात पूर्णवेळ बेकार माणूस विरळा, कारण काहीही न करता जगणे गरिबाला परवडत नाही. तेथे रिकामी असते ती व्यक्ती नव्हे, तर तिच्या वर्षातील कित्येक दिवस. म्हणून भिन्न निकषांचे आकडे एका मालिकेत गुंफणे टाळावे आणि दिवस हे एकक पुन्हा मध्यवर्ती मानावे. महाविद्यालयांच्या अर्थशास्त्र विभागांना परिसरातील मोजक्या गावांत घरटी कामाच्या दिवसांची बारमाही नोंद ठेवणे सहज शक्य आहे. जिल्ह्याच्या नियोजनात जे दिवस मोजले जात नाहीत, त्यांच्यासाठी कामही आखले जात नाही.