चोवीस रकाने आणि तांबडी शाई

एकट्या माणसाने काढलेले, एकट्यानेच लिहिलेले आणि बहुधा स्वतःच्याच खिशातून चालवलेले पत्र कसे तपासावे? प्रश्न वरकरणी लहान वाटतो. कथा, कविता, आत्मकथन यांच्या समीक्षेची परिभाषा आपण गेल्या काही दशकांत घडवली. त्या परिभाषेसाठी प्रस्थापित समीक्षेशी भांडणही मांडले. परंतु आपला समाज ज्या पत्रांच्या पानांवर प्रथम बोलू लागला, त्या पत्रांची मांडणी कशी होती, त्यांतले लेखन कोणासाठी आणि कोणत्या रीतीने केले जात होते, याचा विचार त्या मानाने थोडाच झाला. गंगाधर पानतावणे यांनी ‘पत्रकार डॉ. बाबासाहेब आंबेडकर’ (१९८७) या ग्रंथाने वाट दाखवून दिली. त्या वाटेवर पुढे जाणारे आपण फार नाही.

मीही गेलो नसतो. मला तिकडे नेले ते माझ्याच हातून घडलेल्या एका चुकीने.

मी तालुक्याच्या गावी महाविद्यालयात इतिहास शिकवतो. तीन वर्षांपूर्वी बी. ए.च्या दुसऱ्या वर्षाचा एक विद्यार्थी आठ पानांचे पत्र घेऊन माझ्याकडे आला. संपादक तोच, लेखक तोच, आणि झेरॉक्सचे पैसे त्याच्या सुट्टीतल्या मजुरीचे. मुखपृष्ठावर महापुरुषांच्या पाच प्रतिमा एकमेकींना खेटून बसवलेल्या, भोवती जाड नक्षीदार चौकट. आत कविता, त्यांतला बराचसा संताप उसना. शेवटच्या पानावर स्थानिक पुढाऱ्याला वाढदिवसाच्या शुभेच्छा. मी तांबड्या शाईचे पेन काढले आणि पहिल्या पानापासून ऱ्हस्वदीर्घाच्या खुणा करत गेलो. वर शेरा लिहिला : ‘आधी शुद्ध लिहायला शिका, मग संपादक व्हा.’ त्याने अंक घडी करून खिशात ठेवला. दुसरा अंक निघाला नाही.

माझ्या घराण्यात माझ्या आधी कोणी पदवीपर्यंत पोहोचले नव्हते. शाळेत ‘पानी’ म्हणालो म्हणून वर्ग हसला होता आणि माझ्या वहीवरही अशाच तांबड्या रेघा उठल्या होत्या. म्हणजे ज्या पेनाने मला घायाळ केले, तेच पेन नोकरी लागताच मी खिशाला लावले होते. परंतु ही गोष्ट केवळ पश्चात्तापाची नाही. त्या अंकात दोष होतेच, आणि ते सांगणे माझे कर्तव्यही होते. मी कोणते दोष पाहिले आणि काय पाहिले नाही, हा खरा प्रश्न आहे. त्याच्या उत्तरासाठी मी महाराष्ट्र शासनाने १९९० साली प्रसिद्ध केलेला ‘बहिष्कृत भारत आणि मूकनायक’ हा ग्रंथ पुन्हा उघडला. या वेळी विचारांसाठी नव्हे, तर पान कसे लावले आहे ते पाहण्यासाठी.

२

‘मूकनायक’चा पहिला अंक ३१ जानेवारी १९२० रोजी मुंबईत निघाला. पाक्षिक होते. बाबासाहेब त्या वेळी सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापक होते. संपादक म्हणून नाव पांडुरंग नंदराम भटकर यांचे होते. छत्रपती शाहू महाराजांनी २५०० रुपयांचे साहाय्य दिले. ‘केसरी’ने मात्र पैसे घेऊनसुद्धा या पत्राची जाहिरात छापण्याचे नाकारले. छापखाना दुसऱ्याचा, जाहिरात नाही, वर्गणीदार निरक्षर समाजातले. अशा स्थितीत पत्राचे रूप ठरवायचे होते.

पहिल्याच अंकातल्या ‘मनोगत’ात बाबासाहेबांनी आधीच्या पत्रांचा हिशेब मांडला आहे. ‘सोमवंशीय मित्र’, ‘हिंद नागरिक’, ‘विटाळ विध्वंसक’ ही पत्रे निघाली आणि बंद पडली, याची ते नोंद करतात. पुण्याचे शिवराम जानबा कांबळे यांनी १९०८ साली ‘सोमवंशीय मित्र’ सुरू केले होते. नागपूरचे किसन फागू बनसोडे यांनी १९१० साली ‘निराश्रित हिंद नागरिक’ आणि १९१३ साली ‘विटाळ विध्वंसक’ काढले. प्रत्येक पत्रामागे एक माणूस, त्याची रात्रीची झोप आणि घरातले पैसे. आपले पत्र हे जगातले पहिलेच, असा आव ‘मूकनायक’ने आणला नाही. नव्या पत्राने आपल्या आधी कोण बोलून गेले ते सांगून बोलायला लागावे, हा लेखनाचा पहिला धडा मला तिथे मिळाला.

मथळ्याखाली तुकारामांचा अभंग आहे. १९२७ साली ‘बहिष्कृत भारत’ निघाले तेव्हा मथळ्यापाशी ज्ञानेश्वरीतल्या ओव्या आल्या. रणात उभ्या असलेल्या अर्जुनाला धनुष्य हाती घ्यायला सांगणाऱ्या. आजचा तरुण वाचक येथे अडखळतो. धर्मग्रंथांची चिकित्सा करणाऱ्या पत्राच्या माथ्यावर संतवाणी कशाला, असे मला वर्गात विचारले गेले आहे. प्रश्न रास्त आहे. माझे उत्तर असे, की हे पान डोळ्यांइतकेच कानांसाठी लावलेले होते.

माझ्या आजोबांना अक्षरओळख नव्हती. तरीही ‘प्रबुद्ध भारत’चे काही अंक फडक्यात बांधून त्यांनी पेटीत ठेवले होते. वस्तीतला एक शिकलेला माणूस संध्याकाळी अंक वाचायचा आणि बाकीचे ऐकायचे. अग्रलेख दोनदा वाचून घ्यायचे, असे ते सांगत. ‘मूकनायक’च्या काळी तर वाचणारे याहूनही थोडे. अशा ऐकणाऱ्याला अभंग आधीपासून ठाऊक असतो. अनोळखी छापील मजकुराच्या दारात त्याला ओळखीचा आवाज भेटतो. पण तो आवाज भजनातला राहिलेला नसतो. भीड सोडून बोलण्याचा आणि शस्त्र उचलण्याचा तो आदेश झालेला असतो. मथळ्याची मांडणी म्हणजे केवळ शोभा नव्हे, ती वाचकाला कोणत्या नात्याने हाक मारायची याची निवड असते.

हेच ‘मनोगत’ातल्या मनोऱ्याच्या उपमेबद्दल म्हणता येईल. हिंदू समाज हा अनेक मजल्यांचा मनोरा, एकेक जात म्हणजे एकेक मजला, आणि एका मजल्यावरून दुसऱ्यावर जायला जिनाच नाही. कोलंबिया विद्यापीठात जातिसंस्थेवर निबंध वाचलेला माणूस हे सांगतो आहे. पण सांगताना तो चित्र उभे करतो. ऐकणाऱ्याला ते एकदा ऐकून पाठ होते आणि दुसऱ्या दिवशी शेजाऱ्याला सांगता येते.

३

‘बहिष्कृत भारत’चा पहिला अंक ३ एप्रिल १९२७चा. महाडच्या परिषदेला आणि चवदार तळ्यावरच्या मारहाणीला तेव्हा जेमतेम दोन आठवडे झाले होते. सनातनी पत्रांतून अस्पृश्यांवरच दोषारोप चालले होते. ‘भाला’सारख्या पत्राला उत्तर देताना बाबासाहेब नुसता धिक्कार करत नाहीत. विरोधकाचे म्हणणे आधी मांडतात, मग त्याचा एकेक दुवा तोडतात. ज्याच्या घरी ‘भाला’ किंवा ‘केसरी’ कधीच येणार नाही, त्या वाचकाला वादाच्या दोन्ही बाजू एकाच पानावर मिळतात. वाचकाला अनुयायी समजणारा लेखक असे करत नाही. त्यासाठी वाचकाला निर्णय करणारा माणूस समजावे लागते.

याच वर्षीच्या एप्रिल-मे महिन्यांतली महाडविषयक अग्रलेखमाला पाहा. महाडच्या धर्मसंगरात वरिष्ठ हिंदूंची जबाबदारी कोणती, इंग्रज सरकारची कोणती, आणि शेवटी अस्पृश्य वर्गाची स्वतःची कोणती, असे तिचे तीन भाग आहेत. पहिले दोन लिहिणे त्या मानाने सोपे. ज्यांच्या अंगावर नुकत्याच काठ्या पडल्या होत्या, ज्यांच्या वर्गणीवर पत्र चालायचे होते, त्यांनाच उद्देशून तिसरा भाग लिहायला वेगळे धैर्य लागते. आजच्या आपल्या अनेक पत्रांत पहिले दोन भाग भरपूर सापडतात. तिसरा सहसा सापडत नाही; त्याच्या जागी शुभेच्छांची चौकट असते.

म्हणून काय या पत्रात दोष नाहीत? आहेत. वाक्ये पुष्कळदा लांब आहेत. भाषा त्या काळच्या शिष्ट मराठीची आणि संस्कृतप्रचुर आहे. एका बैठकीत वाचून होणार नाहीत एवढे अग्रलेख आहेत. दोनदा वाचून घेणाऱ्या माझ्या आजोबांच्या पिढीला ही अडचण नक्कीच जाणवली असेल. हे म्हटल्याने बाबासाहेबांची थोरवी उणावत नाही. उलट ज्या माणसाने आयुष्यभर चिकित्सा शिकवली, त्याच्या गद्याची पूजा बांधणे हाच त्याचा पराभव आहे.

परंतु सर्वांत मोठा दोष त्यांनी स्वतःच दाखवून ठेवला आहे. ३ फेब्रुवारी १९२८च्या अंकात, ‘बहिष्कृत भारत’चे ऋण हे लौकिक ऋण नव्हे काय, असा प्रश्न त्यांनी समाजाला विचारला. पगारी माणूस ठेवण्याची ऐपत नाही, आणि अंकाचे चोवीस रकाने एकट्या संपादकाला लिहून काढावे लागतात, ही व्यथा त्या लेखात आहे. आपण आज हे चोवीस रकाने व्याख्यानांतून अभिमानाने सांगतो. त्यांनी ते अभिमानाने सांगितले नव्हते. ती समाजाकडे केलेली तक्रार होती. एकट्याने लिहावे लागणे हा पराक्रम खरा. पण एकट्यानेच लिहावे लागते, हे त्या समाजाच्या कोंडीचे लक्षण होते.

पुढचा इतिहास हेच सांगतो. जुलै १९२०मध्ये बाबासाहेब शिक्षणासाठी लंडनला गेले. ‘मूकनायक’ १९२३ साली बंद पडले. ‘बहिष्कृत भारत’ नोव्हेंबर १९२९मध्ये थांबले. याउलट २४ नोव्हेंबर १९३० रोजी सुरू झालेले ‘जनता’ देवराव नाईक यांच्यापासून अनेकांच्या हातांतून गेले. मधल्या अडचणींतूनही ते टिकले आणि ४ फेब्रुवारी १९५६ रोजी त्याचेच ‘प्रबुद्ध भारत’ झाले. एक हात थकतो, परगावी जातो, मरतो. अनेक हात लागले की पत्र माणसापेक्षा जास्त जगते.

४

यावरून मला एकहाती पत्राची एक कसोटी सुचते. मांडणी ओळखीचा आवाज देते का, लेखन विरोधकाचे म्हणणे ऐकवते का, स्वकीयांना जबाबदार धरते का, हे तर विचारावेच. परंतु शेवटी विचारावे ते हे : हे पत्र दुसऱ्या हाताला लिहिते करते का?

शिवराम जानबा कांबळे यांचे ‘सोमवंशीय मित्र’ या कसोटीला उतरते. देवाला मुली सोडण्याच्या प्रथेविरुद्ध त्यांनी आपल्या पत्रातून आवाहन केले, आणि त्याला प्रतिसाद म्हणून शिवूबाई या मुरळीने लिहिलेले पत्र त्यांनी छापले. ज्या बाईचे बोलणे गावाने जत्रेपुरते आणि करमणुकीपुरते ऐकले होते, ती छापील पानावर स्वतःच्या जिण्याविषयी बोलली. पुढे तिचा विवाहही झाला. त्या पानाची जुळणी सुबक होती की ओबडधोबड, याने काही बिघडत नाही. पान खऱ्या अर्थाने तिथे कामाला लागले.

साठ-सत्तरच्या दशकांत राजा ढाले यांनी ‘येरू’, ‘चक्रवर्ती’ यांसारखी अनियतकालिके काढली, तेव्हाही गुळगुळीत मासिकांचे सौंदर्य नाकारण्यात एक भूमिका होती. तेव्हा ओबडधोबड असणे दोष नाही. विचार न करता ओबडधोबड राहणे हा दोष. आणि विचार न करता चकचकीत होणे हा त्याहून मोठा.

आता त्या आठ पानांकडे परत येतो. विद्यार्थी शिक्षण सोडून पुण्याला एका गोदामात कामाला लागला आहे. मी त्याचा नंबर मिळवून फोन केला आणि अंक मागितला. म्हणाला, ‘सर, बाकीच्या प्रती पावसात भिजल्या. तुमच्या खुणा केलेली तेवढी आहे.’ ती त्याने भावाच्या हाती पाठवली. या वेळी मी पेन न घेता वाचले. सहाव्या पानावर अर्धा रकाना बातमी होती. वस्तीच्या स्मशानभूमीकडे जायला रस्ता नाही. वाट शेतातून जाते. भर पावसात त्याच्या चुलत्याचे प्रेत बांधावर तीन तास थांबवून ठेवले गेले. कोणी अडवले, तलाठ्याकडे कोण गेले, किती वाजता सोडले, सर्व काही त्याने क्रमवार लिहिले होते. उसना संताप त्यात नावालाही नव्हता. अंकातले सर्वांत चांगले गद्य तेच.

त्या मजकुरावर माझी एक खूण होती. त्याने ‘समशानभुमी’ लिहिले होते. मी ते कापून ‘स्मशानभूमी’ केले होते. रस्त्याचे पुढे काय झाले, हे मी विचारले नव्हते.

शुद्धलेखन शिकवू नये, असे मी म्हणत नाही. कारकून आपल्या अर्जातली चूक पाहून अर्ज बाजूला टाकतो, हे मला ठाऊक आहे; म्हणून मी ते अधिकच नेटाने शिकवीन. परंतु आपल्यापैकी जे शिक्षक आहेत, ज्यांच्याकडे अशी चार-आठ पाने घेऊन मुले येतात, त्यांनी आधी सहावे पान शोधावे. त्याला म्हणावे, हे पहिल्या पानावर घे. शुभेच्छांची चौकट काढ, तिथे बांधावर थांबलेल्या आणखी दोघांना लिहायला सांग. ऱ्हस्वदीर्घ मग आपण दोघे मिळून पाहू. आणि एक प्रत महाविद्यालयाच्या ग्रंथालयात नोंद करून ठेवावी. आपली कितीतरी पत्रे केवळ कोणी जपली नाहीत म्हणून नाहीशी झाली आहेत.

मी ती प्रत, तांबड्या खुणांसह, ग्रंथालयात दाखल केली आहे. सहाव्या पानावरची बातमी त्याच्या नावाने आणि त्याच्या परवानगीने महाविद्यालयाच्या भित्तिपत्रकावर लावली. त्याच वस्तीतल्या एका विद्यार्थिनीने तिच्याखाली पुढची हकिकत लिहून आणली आहे. रस्ता अद्याप झालेला नाही.