तागाच्या पिळापासून अदृश्यतेपर्यंत



पाण्याच्या पेल्यात चमचा उभा करून पाहा. तो मोडल्यासारखा दिसतो. चमचा शाबूत असतो. पाण्यातून हवेत येताना प्रकाशकिरण वाकतात, यालाच आपण वक्रीभवन म्हणतो. किरण किती वाकावा हे पदार्थ ठरवतो, आपण नाही. मग माणसाला हवी ती वाट प्रकाशाला लावता येईल काय? या प्रश्नाचा इतिहास आपल्याच देशाला स्पर्शून जातो.

कलकत्त्यात १८९८ साली जगदीशचंद्र बोस यांनी तागाच्या तंतूंना पीळ देऊन त्यांच्या जुड्या विद्युतचुंबकीय लहरींच्या वाटेत ठेवल्या. लहरींच्या कंपनाची दिशा फिरली. उलटा पीळ दिला, तर ती उलट बाजूला फिरली. जादू तागात नव्हती, पिळात होती. म्हणजेच रचनेत होती. बोस यांनी अदृश्य होण्याची विद्या शोधली, असे मात्र कृपा करून कोणी सांगू नये. आपल्याला तशी सवय आहे म्हणून लिहिले. त्यांनी केले तेवढे काय थोडे आहे?

पुढे १९६७ मध्ये व्हिक्टर व्हेसेलागो या सोव्हिएत शास्त्रज्ञाने कागदावर गणित मांडले. विद्युत आणि चुंबकीय हे दोन्ही गुणधर्म ऋण असलेला पदार्थ मिळाला, तर त्यात शिरणारा किरण नेहमीच्या उलट बाजूस वाकेल! पण असा पदार्थ सृष्टीत कोठे सापडेना. तो लेख तीसेक वर्षे जवळजवळ पडूनच राहिला. लंडनच्या जॉन पेंड्री यांनी १९९० च्या दशकात मार्ग दाखवला: पदार्थ सापडत नाही, तर घडवा. धातूच्या बारीक तारा आणि एका जागी खाच असलेली कडी, लहरीच्या लांबीहून लहान आकाराची, ओळीने मांडावीत. लांबून आपल्याला कापड दिसते, सूत दिसत नाही. तशी लहरीलाही सुटी कडी जाणवत नाहीत. अमेरिकेत डेव्हिड स्मिथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली असा पदार्थ तयार केला. यालाच मेटामटेरिअल म्हणतात. व्हेसेलागो तेव्हा सत्तरीत होते. आपला कागद खरा ठरलेला त्यांना पाहायला मिळाला.

पेंड्री, स्मिथ आणि शूरिग यांचा पुढचा प्रयोग २००६ मध्ये अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात झाला. तांब्याच्या एका नळकांड्याभोवती अशा कड्यांची दहा वर्तुळे उभारली. ओढ्याचे पाणी धोंड्याला वळसा घालून पुढे पुन्हा एक होते, तशा मायक्रोवेव्ह लहरी नळकांड्याला वळसा घालून गेल्या. सावली पुसट झाली, नाहीशी झाली नाही. आणि तेही एकाच ठरावीक कंपनसंख्येला. डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशाची लहर मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही लहान. तिच्यासाठी कडी किती बारीक हवीत, याचा हिशेब विद्यार्थ्यांनीच करावा! शिवाय धातू प्रकाश शोषून घेतो, ती अडचण वेगळीच. वर्तमानपत्रांनी मात्र "अदृश्य अंगरखा" छापून टाकला होता.

हाँगकाँगच्या शास्त्रज्ञांनी २००९ मध्ये आणखी पुढचा विचार केला. वस्तू लपवायची कशाला? ती दुसरीच भासवावी. त्यांच्या गणितात, शेजारी योग्य मेटामटेरिअल ठेवले की लहरी अशा पसरतात, की पाहणाऱ्याला चमच्याच्या जागी धातूचा पेला दिसावा. तो चमचा अर्थात संगणकातला होता.