काडेपेटी, वॉलट्यूब आणि त्रिकोण

पुण्याहून आळंदीला निघालं की वाटेत दिघी लागतं. आषाढात माउलींची पालखी याच रस्त्याने पुण्याकडे येते, त्यामुळे हा रस्ता साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. एरवी येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसतात त्या लांबच लांब भिंती, त्यांच्यावरची काटेरी तार आणि लष्करी फाटकं. त्या भिंतींमागे पूल बांधायची विद्या नांदते, हे फार थोड्यांना माहीत असतं. १९६२ साली स्थापन झालेली संरक्षण संशोधन खात्याची इंजिनिअरिंगची प्रयोगशाळा इथे आहे. ट्रकवर घडी करून न्यायचा आणि नाल्यावर कात्रीसारखा उघडायचा ‘सर्वत्र’ हा लष्करी पूल तिचाच. हिमालयात रस्ते करणाऱ्या सीमा सडक संघटनेच्या दलाचं केंद्रही दिघीतच. हे लोक डोंगरात जे बेली पूल टाकतात, ते डोनाल्ड बेली या इंग्रज गृहस्थाच्या नावाने ओळखले जातात. सरकारी नोकरीतल्या या माणसाला पुलांची छोटी मॉडेलं करायचा छंद होता.

आज मला बोलायचं आहे ते मात्र भिंतीबाहेर झालेल्या पुलांबद्दल, म्हणजे काडेपेटीच्या काड्यांच्या.

मागे दिघीतल्या एका शाळेच्या विज्ञान मंडळाने मला पाहुणा म्हणून बोलावलं. कवीचं विज्ञान मंडळात काय काम? बहुधा ठरलेले पाहुणे ऐनवेळी आले नसावेत. आपल्याकडे विज्ञान मंडळ म्हणजे काय, हे सगळ्यांना माहीत आहे. जूनमध्ये स्थापना, अध्यक्ष-सचिवांची निवड, फळ्यावर रंगीत खडूने एखाद्या शास्त्रज्ञाचं चित्र आणि मग थेट २८ फेब्रुवारीला, राष्ट्रीय विज्ञान दिनी, भाषणं. हा दिवस १९८७ पासून साजरा होतो. मधले आठ महिने मंडळ झोपलेलं असतं. हे मंडळ जागं होतं. शनिवारी सकाळची शाळा सुटली की मुलं एका वर्गात थांबायची. मागच्या बैठकीत कोणता प्रयोग केला, कुणाचा जमला, कुणाचा फसला आणि का फसला, हे एक मुलगा वहीतून वाचून दाखवायचा. फसलेल्या प्रयोगांची यादी जास्त लांब होती. मला ते फार आवडलं.

त्या दिवशीचं साहित्य होतं गुल खरवडून टाकलेल्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हवर चढवतात ती बारीक रबरी नळी, जिला सायकलवाले वॉलट्यूब म्हणतात. नळीचा बोटाच्या पेराएवढा तुकडा घ्यायचा आणि दोन्ही बाजूंनी एकेक काडी आत सारायची. झाला सांधा. चार काड्यांचा चौकोन करून कोपऱ्यावर दाबला, की तो तिरपा होऊन पतंगासारखा दिसतो. पाच काड्यांचा पंचकोन आत मोडून होडी होतो. त्रिकोण मात्र हलत नाही. एका मुलीने तो चारचारदा दाबून पाहिला आणि विचारलं, सांधे तर तेवढेच सैल आहेत, मग हा का मोडत नाही? बाईंनी उत्तर दिलं नाही. चौकोनात एक तिरपी काडी बसवून बघ, एवढंच म्हणाल्या.

मग बारा काड्यांचा घन झाला. तो टेबलावर ठेवताच दमलेल्या माणसासारखा कलला. तो ताठ उभा राहायला किती तिरप्या काड्या लागतील? कुणी चार म्हणालं, कुणी आठ. करून पाहिल्यावर सहा निघाल्या, दर बाजूला एक. मला आपली ओवी आठवत होती. तीन चरण यमकाने बांधलेले आणि चौथा आखूड, मोकळा. आळंदीच्या रस्त्यावर दुसरं काय आठवणार!

हा काडी-वॉलट्यूबचा सांधा शाळेत आला कुठून, त्याचा इतिहास आपल्याच पट्ट्यातून जातो. कानपूरच्या आयआयटीतून इंजिनिअर झालेले अरविंद गुप्ता १९७५ साली पिंपरीला टेल्कोत लागले. ट्रक बनवायचा कारखाना, पक्की नोकरी. १९७८ साली त्यांनी वर्षभराची रजा घेतली आणि मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद जिल्ह्यात गेले. आज त्या जिल्ह्याचं नाव नर्मदापुरम आहे. तिथे १९७२ पासून सोळा ग्रामीण शाळांत एक वेगळाच प्रयोग सुरू होता. किशोर भारती आणि रसुलियाचं फ्रेंड्स रूरल सेंटर या दोन संस्थांनी तो उभा केला होता आणि मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले, दिल्ली विद्यापीठातले शास्त्रज्ञ गावातल्या गुरुजींबरोबर बसून धडे तयार करत होते. मुलांनी आधी प्रयोग करायचा आणि मग काय दिसलं ते स्वतःच्या शब्दांत लिहायचं. परीक्षेत पुस्तक उघडं ठेवायला परवानगी, आणि प्रत्यक्ष प्रयोगाचीही परीक्षा. मुलांच्या मनातले प्रश्न पत्राने विचारायला ‘सवालीराम’ नावाचं एक काल्पनिक पात्र होतं. त्याला खरी पत्रं यायची आणि खरी उत्तरं जायची.

तिथल्या आठवडे बाजारात हिंडताना गुप्तांच्या हाती वॉलट्यूब लागली. काड्या घरात होत्याच. दोन काड्यांचा सांधा झाला. तिसरी काडी बसवायची तर बाभळीच्या काट्याने नळीला भोक पाडायचं. या काड्यांवरच त्यांचं पहिलं पुस्तक निघालं. ट्रकच्या कारखान्यातून आलेल्या माणसाला बाजारात बांगड्या-रिबिनींच्या गर्दीतही सांधाच दिसला, याचं मला नवल वाटत नाही. ज्याचा हात ज्या कामाला बसलेला असतो, त्याची नजरही तेच शोधते.

टाकाऊ वस्तूंतून विज्ञान शिकवायची कल्पना जगात नवी नव्हती. दुसऱ्या महायुद्धात शाळा बेचिराख झाल्या, तेव्हा १९४८ साली युनेस्कोने उद्ध्वस्त देशांतल्या विज्ञान शिक्षकांसाठी एक पुस्तिका काढली. उपकरणं नाहीत तर डबे, बाटल्या, तारा यांतून ती कशी करावीत, हे तिच्यात होतं. १९५६ साली त्यातूनच युनेस्कोचा जाडजूड ग्रंथ झाला. आपल्या शाळांवर बॉम्ब पडले नव्हते. आमच्या प्रयोगशाळेचं कपाट तरीही वर्षभर कुलपातच असायचं. आम्ही ‘काचेचे चंचुपात्र’ वहीत सुबक काढायचो, हातात कधी धरलं नाही.

होशंगाबादचा प्रयोग १९७८ मध्ये सगळ्या जिल्ह्यात गेला, १९८२ मध्ये ‘एकलव्य’ संस्थेने तो पुढे चालवायला घेतला आणि वाढत वाढत तो हजाराच्या आसपास शाळांत पोचला. २००२ साली राज्य सरकारने तो बंद केला. जिल्ह्याचा दहावीचा निकाल कमी लागतो, हे एक कारण पुढे करण्यात आलं. तीस वर्षांचं काम एका आदेशाने थांबलं. माझ्या मते शिक्षणाच्या इतिहासातलं हे एक मोठं नुकसान आहे, आणि त्याची बातमी आपल्याकडे फारशी कुणी वाचलीही नाही.

गुप्ता पुढे पुन्हा पुण्यात आले. २००३ ते २०१४ ते आयुकातल्या मुलांच्या विज्ञान केंद्रात होते. पु. ल. देशपांडे प्रतिष्ठानच्या देणगीतून उभ्या राहिलेल्या त्या वास्तूचं नाव ‘पुलस्त्य’. सप्तर्षींतला एक तारा, आणि त्यात पुलंही आले. तिथे केलेल्या खेळण्यांच्या फिती मराठीसह अनेक भाषांत त्यांनी फुकट वाटल्या. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. चिंचवडला २०१३ पासून महापालिकेचं सायन्स पार्क आहे, सहलीला मुलं आनंदाने जातात. जावंच. पण तिथलं यंत्र घरी नेऊन मोडता येत नाही, काड्यांचा त्रिकोण येतो.

भोसरी, दिघी, चऱ्होलीतल्या शाळांत येणाऱ्या कितीतरी मुलांचे वडील लेथवर, प्रेसवर, वेल्डिंगवर असतात. सांधा कुठे सैल ठेवायचा आणि कुठे आवळायचा, हे त्यांच्या हातांना माहीत असतं. शाळेत मात्र त्यांना बोलावतात ते फी भरायला नाहीतर तक्रार ऐकायला. त्या मंडळाच्या बाईंनी एका मुलाच्या वडिलांना बैठकीला बोलावलं होतं. फॅब्रिकेशनच्या दुकानात काम करणारे. सुरुवातीला दाराशीच उभे राहिले, पायताण काढून. मग कैचीला, म्हणजे पत्र्याच्या शेडखालच्या त्रिकोणी सांगाड्याला, मधल्या तिरप्या पट्ट्या कशा आणि का मारतात, ते त्यांनी फळ्यावर काढून दाखवलं. मुलांनी प्रश्न विचारून त्यांना पाऊण तास सोडलं नाही. पुढच्या शनिवारी ते वॉलट्यूबची अख्खी गुंडाळी घेऊन आले. नव्या सायकलींना ती लागत नाही, पण दिघीतल्या एका जुन्या सायकलवाल्याकडे अजून मिळते.