ब्रेकचा दोष लपतो सरळ रस्त्यावर, उघडा पडतो घाटात

बारामती - मोरगाव, जेजुरी, सासवडमार्गे पुण्याकडे निघालेली मोटार दिवे घाट उतरू लागते. एका वळणावर ब्रेकचे पेडल पायाखाली थरथरते, समोरचा पिवळा दिवा क्षणभर लागतो आणि हडपसर येईपर्यंत सारे पूर्ववत झालेले असते. परतल्यावर मेकॅनिक एमआयडीसीच्या सरळ, रुंद रस्त्यावर दोन फेऱ्या मारतो आणि गाडीत काहीच दोष नसल्याचा निर्वाळा देतो. या प्रसंगात चालकही खरा असतो आणि मेकॅनिकही. काही दोष घाटाखेरीज दिसतच नाहीत.

चाक जाम होऊ न देणारी 'एबीएस' यंत्रणा आणि चाक जागच्या जागी फिरू न देणारे 'ट्रॅक्शन कंट्रोल' या गोष्टी आता केवळ महागड्या मोटारींपुरत्या राहिलेल्या नाहीत. १२५ सीसीपेक्षा मोठ्या दुचाकींच्या नव्या मॉडेलना १ एप्रिल २०१८ पासून आणि आधीपासून बाजारात असलेल्या मॉडेलना १ एप्रिल २०१९ पासून 'एबीएस' सक्तीचे झाले. तीनचाकी 'आपे'मुळे ओळखल्या जाणाऱ्या बारामतीच्या पियाजिओ कारखान्यात २०१२ मध्ये व्हेस्पा स्कूटरचे उत्पादन सुरू झाले. २०२३ मध्ये बाजारात आलेली एप्रिलिया आरएस ४५७ ही मोटारसायकलही इथलीच. तिच्यात या दोन्ही यंत्रणा आहेत.

दोन्ही यंत्रणांचे काम एकाच माहितीवर चालते, ती म्हणजे प्रत्येक चाकाचा वेग. चाकाबरोबर फिरणारी दातेरी किंवा चुंबकीय कडी आणि तिच्यासमोर जेमतेम मिलिमीटरभर अंतरावर बसवलेला सेन्सर ही माहिती पुरवतो. एखादे चाक इतरांपेक्षा एकाएकी मंदावले, तर ते जाम होत असल्याचे समजून 'एबीएस' त्याचा ब्रेक सैल करते. एकाएकी वेगाने फिरू लागले, तर ट्रॅक्शन कंट्रोल इंजिनाची ताकद कमी करते आणि मोटारीत त्या चाकाला ब्रेकही लावते. सेन्सरने चुकीची माहिती दिली, तरी यंत्रणा तिलाच प्रमाण मानते. त्यामुळे दोष बहुधा संगणकात नसून चाकाजवळ असतो. तरीही महागडे कंट्रोल युनिट बदलण्याचा सल्ला आधी मिळतो, हा अनेक वाहनमालकांच्या खिशाला बसणारा फटका आहे.

वळणावर नेमके काय घडते?

सरळ रस्त्यावर चारही चाके जवळपास सारख्या वेगाने फिरतात. घाटातील तीव्र वळणावर तसे नसते. आतील चाकाने १० मीटर त्रिज्येचे वळण घेतले आणि दोन चाकांतील अंतर दीड मीटर असेल, तर बाहेरच्या चाकाला १५ टक्के जास्त अंतर कापावे लागते. हा फरक यंत्रणेने गृहीत धरलेला असतो. मात्र एका चाकावर वेगळ्या मापाचा किंवा फार झिजलेला टायर असेल, हवा कमी असेल, तर त्या फरकाची त्यात भर पडते. स्टिअरिंग किती वळले हे सांगणारा सेन्सर ज्या गाड्यांत असतो, तिथे व्हील अलाइनमेंटनंतर त्याची शून्य स्थिती पुन्हा बसवावी लागू शकते. ती राहून गेली, तर गाडी वळणावर विनाकारण ताकद सोडते किंवा एका बाजूचा ब्रेक लागल्यासारखा भास होतो.

सैल झालेले बेअरिंग हा याहून फसवा प्रकार. उजव्या वळणावर भार डाव्या चाकांवर येतो. बेअरिंगमध्ये खेळ असेल, तर भाराने कडी आणि सेन्सर यांतील अंतर बदलते आणि संकेत तुटतो. वळण संपताच तो पुन्हा जुळतो. म्हणूनच दिवा डाव्या वळणावर लागला की उजव्या, हा प्रश्न गॅरेजमध्ये सर्वांत आधी विचारला गेला पाहिजे. प्रत्यक्षात तो क्वचितच विचारला जातो.

जुन्या धाटणीच्या सेन्सरचा संकेत कमी वेगात मुळातच क्षीण असतो. त्यावर डिस्कची लोखंडी भुकटी चिकटली किंवा कडीला तडा गेला, तर गाडी थांबता थांबता यंत्रणेला चाक जाम झाल्याचा भास होतो आणि पेडल थरथरते. पेडलची थरथर मोठ्या वेगातून हलका ब्रेक लावतानाच जाणवत असेल, वेगाबरोबर कमी-जास्त होत असेल आणि दिवा लागत नसेल, तर संशय वाकड्या झालेल्या डिस्कवर घ्यावा.

प्रत्येक थरथर म्हणजे बिघाड नव्हे. गळीत हंगामात माळेगाव, सोमेश्वरनगर परिसरातील रस्त्यांवर उसाच्या ट्रॉल्यांमागे पाचट आणि चिखल सांडलेला असतो. तिथे 'एबीएस' जागे झाले, तर ते आपले काम करीत असते. ओल्या घाटात चढाच्या वळणावर आतील चाक हलके होऊन घसरते, पिवळा दिवा लुकलुकतो आणि इंजिनाने दम सोडल्यासारखे वाटते. हेही योग्यच. लुकलुकणारा दिवा म्हणजे यंत्रणा कामात आहे. सतत पेटलेला दिवा म्हणजे ती बंद केलेली किंवा बिघडलेली आहे.

उताराचे दुखणे निराळे

उतारावर ब्रेक लागेनासे झाले, तर पेडलकडे लक्ष द्यावे. पेडल घट्ट लागते, पण गाडी थांबत नाही, तेव्हा पॅड तापलेले असतात. पेडल मऊ होऊन खाली जाते, तेव्हा ब्रेक ऑइल उकळून त्यात वाफ धरलेली असण्याचा संभव अधिक. ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषते. 'डॉट ४' दर्जाच्या ताज्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो. ओलावा शोषलेल्या ऑइलसाठी ही मर्यादा १५५ अंशांवर येते. त्यामुळे साधारण दोन वर्षांनी ते बदलणे इष्ट. उतारावर लाल दिवा लागून सपाटीवर विझत असेल, तर डबीतील ऑइलची पातळी कमी झाल्याची शंका घ्यावी. गाडी पुढे झुकताच ऑइल कलते आणि तरंगता स्विच खाली जातो. पातळी घटण्याचे कारण झिजलेले पॅड असू शकतात, गळतीही असू शकते.

डिझेल-पेट्रोल वाचवण्यासाठी घाटात गाडी न्यूट्रल करणारे चालक आजही कमी नाहीत. इंधन इंजेक्शनच्या गाडीत गिअर टाकून पाय उचलला, की उतारावर इंजिनाला इंधन जाणेच थांबते. न्यूट्रलमध्ये इंजिन मात्र इंधन पीत राहते. सगळा भार ब्रेकवर पडतो तो वेगळाच.

दिवा लागल्यावर बॅटरीची तार काढू नये. काही गाड्यांत साठलेला कोड त्यामुळे पुसला जातो. चढ होता की उतार, वळण कोणत्या बाजूचे, वेग किती, ब्रेक दाबलेला होता का, रस्ता ओला होता का, हे लिहून ठेवावे. पिवळा दिवा सतत पेटलेला असेल, तर साधा ब्रेक चालतो, मात्र जोरात दाबल्यास चाक जाम होऊ शकते. लाल आणि पिवळा असे दोन्ही दिवे पेटले, तर घाट पुढे उतरू नये.

गॅरेजने नुसता कोड वाचून भाग बदलण्याऐवजी स्कॅनरवर चारही चाकांचे वेग शेजारी शेजारी पाहावेत. एकाचा आकडा मध्येच शून्यावर पडत असेल, तर दोषी चाक तेच. दुरुस्तीनंतरची चाचणीही त्याच घाटात, त्याच वळणावर, तेवढीच माणसे बसवून घ्यावी. स्कॅनर मात्र चालकाने नव्हे, शेजारी बसलेल्याने पाहावा.