गळास लागलेला मासा : नाव, नियम आणि कावेरीचा महसीर

गळास लागलेला मासा पाण्यात परत सोडावा की मारावा, हा प्रश्न प्रथमदर्शनी हौशी मासेमारांच्या आपसातील चर्चेचा वाटतो. परंतु गेल्या दीडशे वर्षांत माणसाने एका पाण्यातील मासे उचलून दुसऱ्या पाण्यात सोडण्याचा जो उद्योग आरंभिला, त्यामुळे या साध्या प्रश्नास इतिहासाच्या, आणि काही अंशी भाषेच्याही, अभ्यासात स्थान प्राप्त झाले आहे. पोटासाठी मासे धरणाऱ्यास असा प्रश्न सहसा पडत नाही. खाण्याजोगे जे हाती लागले ते टोपलीत जाते. केवळ क्रीडेसाठी गळ टाकणारा वर्ग निर्माण झाल्यावर, धरलेला मासा जिवंत परत सोडणे ही सुजनतेची खूण मानली जाऊ लागली. पुढे काही मासे विशिष्ट पाण्यास घातक असल्याचे आढळून आले, आणि तेथे मासा परत सोडणे हाच नियमभंग ठरला. दोन्ही नियमांचा हेतू एकच, तो म्हणजे पाण्यातील मूळचे जीवन राखणे. मात्र कोणता नियम कोठे लागू करावयाचा हे ठरण्यापूर्वी हातातील मासा नेमका कोणता, हे सांगता यावे लागते. अमेरिकेतील यलोस्टोन सरोवर आणि दक्षिण भारतातील कावेरी नदी यांचा इतिहास शेजारी शेजारी ठेवून पाहिला असता या गोष्टीचे महत्त्व स्पष्ट होते.

यलोस्टोन येथील राष्ट्रीय उद्यान १८७२ मध्ये स्थापन झाले. तेथील लुईस आणि शोशोन या सरोवरांत, वाटेतील धबधब्यांमुळे, मुळात मासे नव्हते. गळाची क्रीडा करणाऱ्या प्रवाशांची सोय व्हावी म्हणून १८९० मध्ये मिशिगन सरोवराकडील लेक ट्राउट जातीचे मासे या दोन सरोवरांत सोडण्यात आले. जवळच्या यलोस्टोन सरोवरात मात्र कटथ्रोट ट्राउट हा तेथला मूळचा मासा विपुल होता. शंभर वर्षे दोन्ही जाती आपापल्या जागी राहिल्या. १९९४ च्या उन्हाळ्यात यलोस्टोन सरोवरातच एका हौशी मासेमाराच्या गळास लेक ट्राउट लागला, आणि संकटाची जाणीव प्रथम झाली. माशांच्या कानातील खड्यांचे रासायनिक परीक्षण करून संशोधकांनी पुढे असे अनुमान काढले की, १९८० च्या दशकात कोणीतरी लुईस सरोवरातील मासे तेथे आणून सोडले असावेत.

लेक ट्राउट हा खोल पाण्यात राहणारा भक्षक मासा आहे. तो सरोवरातच अंडी घालतो. कटथ्रोट अंडी घालण्यासाठी उथळ ओढ्यांत चढतो, आणि त्या वेळी अस्वले, पाणमांजरे व मत्स्यभक्षक पक्षी यांना तो सहज मिळतो. म्हणून एकाची जागा दुसऱ्याने घेतली तरी माशांची बेरीज तेवढीच राहील, हा हिशेब येथे चुकीचा ठरतो. काठावरील प्राण्यांच्या दृष्टीने खोल पाण्यातील मासा असून नसल्यासारखाच होय. क्लिअर क्रीक या एका ओढ्यात १९७८ मध्ये ७० हजारांहून अधिक कटथ्रोट चढले होते. २००७ मध्ये ही संख्या सुमारे ५०० वर आली. या ऱ्हासास अवर्षण आणि माशांचा एक परोपजीवी रोग हेही कारण झाले; तथापि मुख्य दोष लेक ट्राउटकडे जातो, याविषयी फारसा मतभेद नाही.

तेथील नियमाने गळवाल्याचे कर्तव्य निःसंदिग्ध शब्दांत सांगितले. यलोस्टोन सरोवरात धरलेला प्रत्येक लेक ट्राउट मारलाच पाहिजे. तो खावयाचा नसेल तर त्याची हवेची पिशवी फोडून खोल पाण्यात टाकावा, म्हणजे प्रेत तरंगत राहणार नाही. कटथ्रोट गळास लागला तर तो इजा न करता परत सोडावा. अर्थात हौशी लोकांच्या गळांनी एवढे मोठे सरोवर साफ होणे शक्य नव्हते. खरे काम उद्यानाच्या व्यवस्थेने लावलेल्या जाळ्यांनी केले. आजवर त्यांनी ४० लाखांहून अधिक लेक ट्राउट काढले आहेत, आणि त्यानंतर कटथ्रोट काही प्रमाणात सावरला आहे. परंतु धोक्याची पहिली वर्दी गळवाल्याने दिली होती, आणि ती देता आली याचे कारण हे की, हातातला मासा वेगळा आहे हे ओळखण्याजोगी दोन स्वतंत्र नावे त्याच्या भाषेत होती.

याच माशाच्या इतिहासाचा दुसरा भाग विचारात घेण्यासारखा आहे. मिशिगन सरोवरातील मूळचा लेक ट्राउट अतिरिक्त मासेमारी आणि समुद्रातून शिरलेला लॅम्प्री हा रक्तशोषक जीव यांमुळे १९५० च्या दशकात नाहीसा झाला. तेथे त्याची पुनःस्थापना करण्याचे प्रयत्न सुरू झाले, तेव्हा जुन्या वंशाचा एक साठा लुईस सरोवरात शिल्लक असल्याचे ध्यानात आले, आणि त्या वंशाची पिल्ले परत मिशिगन सरोवरात सोडण्यात आली. एकाच कुळातील मासा एका पाण्यात प्रयत्नपूर्वक वाढविला जातो आणि दुसऱ्या पाण्यात मारला जातो. तेव्हा ‘अनिष्ट’ हे विशेषण माशाच्या जातीचा गुण सांगत नाही. ते जाती आणि पाणी यांमधील संबंध सांगते. आपण अशा माशास ‘आगंतुक’ म्हणतो तेव्हाही एक सूक्ष्म चूक होते. आगंतुक म्हणजे आपण होऊन आलेला. यलोस्टोनमधील लेक ट्राउट आपण होऊन आला नाही. त्यास आणले गेले. क्रियापदाचा प्रयोग बदलला की कर्ता बदलतो, आणि कर्त्याबरोबर जबाबदारीही बदलते.

कावेरीची हकीकत याच्या उलट दिशेने गेली. महसीर या माशाची कीर्ती इंग्रजी अमदानीत गळवाल्यांमध्ये पसरली. मद्रास इलाख्यातील सनदी अधिकारी हेन्री सलिव्हन थॉमस यांनी १८७३ मध्ये ‘द रॉड इन इंडिया’ हा ग्रंथ प्रसिद्ध करून, झुंज देण्यात महसीर सामन माशाहून सरस आहे, असे प्रतिपादन केले. कावेरीच्या खोऱ्यातील महसीर आकाराने विशेष मोठा होता. म्हैसूरच्या व्हॅन इंगेन घराण्यातील एका गृहस्थांनी १९४६ मध्ये कबिनी नदीत धरलेला मासा १२० पौंड भरला. या माशाच्या पाठीवर, डोक्यामागे, ठळक कुबड असे आणि पर नारिंगी असत. गळवाले त्यास महसीर एवढेच म्हणत, आणि नदीत दुसरा महसीर नव्हता तोवर तेवढे पुरेसे होते.

स्वातंत्र्योत्तर काळात धरणे, सुरुंग आणि विष यांनी या माशाची संख्या घटली. सुरुंग व विष यांनी मासे मारण्यास १८९७ च्या कायद्यानेच बंदी होती. पण दुर्गम दऱ्यांत तिचा अंमल होत नसे. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात तीन ब्रिटिश तरुणांनी कावेरीत मोठे महसीर अद्याप शिल्लक असल्याचे दाखवून दिले. त्यानंतर कर्नाटकात नदीकाठी गळाच्या क्रीडेसाठी छावण्या उभ्या राहिल्या. तेथील नियम कडक होता : धरलेला प्रत्येक महसीर वजन करून जिवंत परत सोडावयाचा. पूर्वी सुरुंग लावणाऱ्यांपैकी काही लोक या छावण्यांत वाटाडे आणि राखणदार झाले. मासा मारल्याने मिळणाऱ्या पैशापेक्षा तो जिवंत ठेवल्याने मिळणारी रोजी अधिक आणि शाश्वत, हे त्यांना पटले. संरक्षणाच्या इतिहासातील हे एक स्तुत्य प्रकरण होते, यात शंका नाही.

याच सुमारास महाराष्ट्रातून एक दुसरा महसीर कावेरीत पोहोचला. त्याचा नामेतिहास मराठी वाचकांस जवळचा आहे. मुंबई सरकारच्या सेवेतील कर्नल विल्यम हेन्री साइक्स यांनी दख्खनच्या माशांचे वर्णन १८३९ मध्ये प्रसिद्ध केले. नव्या जातींना नावे देताना त्यांनी अनेक ठिकाणी स्थानिक मासेमारांचेच शब्द लॅटिन नामावलीत घेतले. शिंगटी, फुलंगी, अळकुटी हे शब्द त्यांच्या यादीत रोमन लिपीच्या वेषात आजही ओळखू येतात. पुण्याच्या पूर्वेस मुळा-मुठेत मिळालेल्या महसीरास त्यांनी ‘खुद्री’ हे नाव दिले, आणि ‘टोर खुद्री’ या रूपाने ते शास्त्रात रूढ झाले. निळसर परांचा हा मासा कृष्णेच्या खोऱ्यातील. महाड तालुक्यात काळ नदीवरील वाळणकोंड येथे महसीरास वरदायिनी देवीचा मासा मानून कोणी मारत नाही. लोकांच्या श्रद्धेने राखलेल्या डोहांचे ते एक जुने उदाहरण होय.

टाटांच्या वीज कंपनीने लोणावळ्याजवळील मत्स्यबीज केंद्रात या खुद्रीचे कृत्रिम प्रजनन यशस्वी केले. घटत चाललेल्या माशाचे बीज विपुल तयार होणे ही त्या काळी मोठीच गोष्ट होती, आणि ही बोटुकली निरनिराळ्या राज्यांस उदारपणे पुरविण्यात आली. १९८० च्या दशकापासून ती कावेरीतही सोडली गेली. महसीर कमी झाला आहे, तेव्हा महसीर सोडावा, असा सरळ तर्क त्यामागे होता. तर्कातील दोन्ही वाक्यांत ‘महसीर’ हा शब्द आला. पण पहिल्या वाक्यातील मासा आणि दुसऱ्या वाक्यातील मासा एक नव्हते. तर्कशास्त्रात ज्यास पदाची द्व्यर्थता म्हणतात, तो दोष येथे नदीच्या पात्रात घडला. त्यात कोणाचा दुष्ट हेतू नव्हता. दोन जातींमधील भेद तेव्हा शास्त्रानेही नीट निश्चित केलेला नव्हता.

परिणाम कळला तो गळवाल्यांच्याच वह्यांतून. गलीबोरे येथील छावणीत १९९८ ते २०१२ या काळात ठेवलेल्या नोंदींचा अभ्यास ब्रिटिश आणि भारतीय संशोधकांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केला. २३ हजारांहून अधिक तासांची मासेमारी आणि सुमारे ६ हजार माशांची नोंद त्यात होती. एकूण महसीरांची संख्या वाढत गेली होती, आणि वरवर पाहता हा संरक्षणाचा विजय होता. परंतु नोंदींचे प्रकारवार पृथक्करण करताच चित्र पालटले. वाढ निळ्या परांच्या खुद्रीची होती. कुबडाचा महसीर वर्षागणिक विरळ होत गेला होता, आणि जे थोडे मिळत ते मोठे व वयस्क होते. त्यांच्यामागे नवी पिढी येत नव्हती. दोन्ही जातींना एकाच आदराने परत सोडणारा नियम या पालटाविषयी आंधळा राहिला. त्याच सुमारास अभयारण्याच्या हद्दीतील मासेमारी कायद्याच्या नव्या अर्थानुसार बंद झाली, आणि गळाबरोबर नोंदवहीही मिटली.

दुसरी अडचण नावाची होती. कुबडाच्या महसीरास लोकांत कीर्ती होती. शास्त्रात निश्चित नाव नव्हते. ज्यास नाव नाही त्यास धोक्यातील जातींच्या आंतरराष्ट्रीय यादीत स्थान मिळत नाही, आणि यादीत स्थान नसल्यास संरक्षणाची मागणीही करता येत नाही. २०१८ मध्ये हा मासा आणि केरळातील पांबार या कावेरीच्या उपनदीतून पूर्वी वर्णिलेला ‘टोर रेमादेवी’ हे एकच असल्याचे सिद्ध झाले. हे नाव रेमा देवी या भारतीय मत्स्यशास्त्रज्ञ विदुषीच्या गौरवार्थ दिलेले आहे. त्याच वर्षी या जातीची अतिसंकटग्रस्त म्हणून नोंद झाली. शतकाहून अधिक काळ ज्याच्या वजनाचे विक्रम लिहून ठेवले, त्यास शास्त्रीय ओळख मिळेपर्यंत तो नामशेषाच्या उंबरठ्यावर आला होता. उलट खुद्री, जो आधी संकटग्रस्तांच्या यादीत होता, तो पुढे त्या यादीतून खालच्या श्रेणीत उतरला.

मग कावेरीत खुद्री गळास लागल्यास काय करावे? यलोस्टोनचा नियम येथे जसाच्या तसा आणणे युक्त होणार नाही. त्या नियमामागे दोन्ही जातींची पक्की ओळख, जाळ्यांची प्रचंड मोहीम आणि वर्षानुवर्षांची मोजणी होती. त्यांवाचून एकट्या गळवाल्याने मारलेले चार मासे नदीची स्थिती बदलू शकत नाहीत. शिवाय पोरवयात दोन जातींचा भेद सहज दिसत नाही, आणि मारण्याच्या उत्साहात दुर्मीळ मासाच मारला जाण्याची भीती राहते. येथील कर्तव्याचा क्रम वेगळा आहे. प्रथम, एका खोऱ्यातील बीज दुसऱ्या खोऱ्यात सोडणे थांबले पाहिजे. कारण सोडलेला मासा परत गोळा करता येत नाही. दुसरे, गळाची मासेमारी जेथे कायद्याने चालू आहे तेथे प्रत्येक माशाची जात, वजन व स्थळ लिहून ठेवले पाहिजे, आणि ‘महसीर’ एवढीच नोंद अपुरी मानली पाहिजे. तिसरे, कुबडाचा महसीर लाभल्यास तो कमीत कमी हाताळून, पाण्याबाहेर न ठेवता सोडला पाहिजे. खुद्री मारावा की सोडावा, याचा निर्णय या तीन गोष्टी झाल्यावर, आणि नदीचा हिशेब ठेवणाऱ्या अधिकृत संस्थेनेच, करावयाचा आहे.

साइक्सने मुळा-मुठेकाठच्या मासेमारांना माशांची नावे विचारली आणि ती तशीच लिहून ठेवली. त्या मासेमारांच्या बोलीत जाती-जातींना वेगवेगळे शब्द होते, कारण रोजच्या कामात तो भेद उपयोगी पडत असे. पुढच्या काळात क्रीडेने आणि शासनव्यवहाराने अनेक माशांना मिळून एक भारदस्त शब्द वापरला, आणि कावेरीत त्या एका शब्दाच्या आड एक जात जवळजवळ संपली. मोयार या उपनदीच्या पात्रात कुबडाचे काही महसीर अद्याप आहेत. त्यांचे पुढे काय होते, हे त्यांना ओळखून वेगळे लिहून ठेवणाऱ्यांवर बरेचसे अवलंबून राहील.