नकाराचा स्वर : महेलिया जॅक्सन

१९३७ साली महेलिया जॅक्सन यांनी डेका कंपनीसाठी चार गाणी ध्वनिमुद्रित केली. ती फारशी खपली नाहीत. ब्लूज गावे, असे कंपनीने सुचविले. महेलियांनी ते नाकारले. त्यानंतर जवळजवळ नऊ वर्षे त्यांची एकही तबकडी निघाली नाही. शिकागोत कपडे धुण्याची, घरकामाची नोकरी करणाऱ्या कृष्णवर्णीय स्त्रीला हा नकार परवडणारा नव्हता. त्याकडे निव्वळ धर्मनिष्ठा म्हणून पाहणे सोपे आहे. परंतु त्यांचे गाणे ऐकले की प्रश्न गुंतागुंतीचा होतो. कारण त्यांच्या स्वरात ब्लूज पुरेपूर मुरलेला आहे.

१९११ साली न्यू ऑर्लिन्स येथे जन्मलेल्या महेलियांची आई त्यांच्या बालपणीच वारली. सांभाळ करणाऱ्या कडक शिस्तीच्या मावशीच्या घरी ऐहिक संगीताला मज्जाव होता. तरीही मावसभावाच्या तबकड्यांवर त्यांनी बेसी स्मिथ ऐकली. स्वतःच्या बॅप्टिस्ट चर्चमध्ये त्या स्तोत्रे गात. शेजारच्या होलिनेस पंथीयांच्या प्रार्थनेत मात्र ढोल, झांजा आणि खंजिरी यांच्या ठेक्यावर सारे अंग गात असे. हे दोन्ही संस्कार घेऊन १९२७ च्या सुमारास त्या शिकागोला आल्या.

तेथील प्रतिष्ठित कृष्णवर्णीय चर्चना पाश्चात्त्य वळणाचे संयत समूहगान प्रिय होते. महेलियांचे टाळ्या वाजवीत, डोलत गाणे त्यांना असभ्य वाटले. म्हणजे बाजाराला त्यांचा स्वर हवा होता पण शब्द नको होते. चर्चला शब्द हवे होते पण स्वर नको होता. या पेचात त्यांना साथ मिळाली ती टॉमस डॉर्सी यांची. डॉर्सी पूर्वाश्रमीचे ब्लूज पियानोवादक. १९३२ साली पत्नी आणि नवजात बालक गमावल्यावर त्यांनी ‘प्रेशस लॉर्ड’ हे गीत रचले होते.

ब्लूज ही निराशेची गाणी आणि गॉस्पेल आशेची, अशी महेलियांची धारणा होती. सीमारेषा त्यांनी स्वरात आखलीच नाही. गाणे श्रोत्याला शेवटी कोठे नेऊन सोडते, यावर आखली. १९४७ साली अपोलो कंपनीसाठी गायलेले ‘मूव्ह ऑन अप अ लिटल हायर’ याची साक्ष देते. मेम्फिसचे धर्मोपदेशक डब्ल्यू. हर्बर्ट ब्रूस्टर यांच्या या रचनेतील आरोहण स्वर्गाकडचे आहे, तसेच ते एका दडपलेल्या समाजाचेही आहे. छापील गाथेतला अभंग आणि वारीत गायला जाणारा अभंग यांतील अंतर जाणणाऱ्या मराठी वाचकाला हा दुहेरी अर्थ वेगळा समजावून सांगावा लागू नये. तबकडीच्या दोन्ही बाजूंवर पसरलेले हे गाणे प्रचंड खपले आणि १९५० मध्ये महेलिया कार्नेगी हॉलमध्ये गायल्या.

कीर्तीने मात्र वर्णभेद पुसला नाही. १९५६ मध्ये शिकागोतील श्वेतवर्णीय वस्तीत त्यांनी घर घेतले, तेव्हा खिडक्यांवर गोळ्या झाडण्यात आल्या. त्याच वर्षाअखेरीस त्या माँटगोमेरी येथे बस-बहिष्कार चळवळीसाठी गायल्या. २८ ऑगस्ट १९६३ रोजी वॉशिंग्टन येथे डॉ. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या भाषणापूर्वीही त्या गायल्या. लिहून आणलेले भाषण चालू असताना, स्वप्नाविषयी सांगा, असे महेलियांनी मागून सुचविल्याचे तेथे उपस्थित असलेल्यांनी सांगितले आहे. चर्चमधील भाविक उपदेशकाला अशीच साद घालतात. त्या भाषणाचा अभ्यास करताना ही मौखिक परंपरा विसरता येणार नाही.

१९६८ साली डॉ. किंग यांच्या अंत्यविधीत त्यांनी ‘प्रेशस लॉर्ड’ गायले. १९७१ मध्ये त्या भारतातही येऊन गेल्या आणि २७ जानेवारी १९७२ रोजी त्यांचे निधन झाले. शिकागोत त्यांना निरोप देताना तेच गीत गायले अरिथा फ्रँकलिन यांनी. चर्चमध्ये वाढलेल्या अरिथांनी ऐहिक संगीताचा उंबरठा निःसंकोच ओलांडला होता. ब्लूज सोडून आलेल्या एका वादकाचे गीत, ब्लूज नाकारणाऱ्या गायिकेसाठी, सोल संगीताच्या सम्राज्ञीने गावे, यात विसंगती कोणाला वाटली नसेल. महेलियांनी ऐहिक शब्द आयुष्यभर नाकारले. पण तो स्वर मात्र त्यांनीच देवळात आणून प्रतिष्ठित केला होता.